लाकडी सवत

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा आमच्या घरात सवत आली. मुंबईहून मालगाडीने आली, दोन भक्कम पेट्यांत बसून, आणि लोणावळा स्टेशनापासून बाजारातल्या आमच्या दारापर्यंत तिच्यासाठी हातगाडी केली होती. मी लग्न होऊन आले तेव्हा तळेगावला गाडीत बसले आणि लोणावळ्याला उतरून घरापर्यंत नवी जोडवी वाजवत पायी चालत आले. टांग्याचं नावसुद्धा कोणी काढलं नव्हतं. हातगाडी पाहिल्यावर पहिल्यांदा मला तेच आठवलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, "अगं, पेट्या जड आहेत."

हे म्हणजे माझे यजमान. बाजारात आमचा छापखाना होता. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं यंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, खणाखणांच्या केसी आणि गिऱ्हाइकासाठी एक बाक. मागच्या दोन खोल्यांत मी, दोन मुलं आणि चूल. पेट्यांत होती लाकडी अक्षरं. मुंबईतला कुठला तरी मोठा छापखाना मोडला आणि यांनी ती उचलली. शिशाचे खिळे नखाएवढे असतात, ही अक्षरं माझ्या तळहाताएवढी. पोस्टरला, जाहिरातीला, लांबून दिसायला हवं तिथे वापरायची.

हे त्यांचं वर्णन करायला लागले की जेवण निवायचं. मूळची चाल म्हणे विलायती. इंग्रजी अक्षरांच्या पायाशी चौकोनी जाड पट्टी, पायात जोडा घातल्यासारखी. ती पाहून मुंबईच्या कोणा कारागिराने आपली मराठी अक्षरंही त्याच थाटात कोरली. डोक्यावरची रेघ तुळईएवढी, आणि काना खाली येऊन नुसता संपायचा नाही, चौकोनी टाच रोवून उभा राहायचा. वाकणं, मुरडणं, बारीक होत जाणं असलं काही नाही. 'म' तर मांड्या ठोकून उभा असल्यासारखा दिसे. प्रत्येक अक्षर चार-पाचच होतं आणि 'ळ' मुळात एकच, त्यामुळे एका कागदावर लोणावळे हे नाव जाडं छापायचं तर एकदाच छापता येई. त्या एका 'ळ'ची काळजी घरातल्या लेकरांपेक्षा जास्त होती.

लोणावळ्याचा पावसाळा ज्याने काढला त्यालाच माहीत. भिंतीला बुरशी, मिठाला पाणी, कागद मऊ. तशा हवेत लाकूड फुगतं आणि अक्षरं चौकटीत बसत नाहीत. म्हणून श्रावण सरेपर्यंत केसखाली कोळशाची शेगडी असायची. माझी लुगडी दोरीवर चार-चार दिवस ओलीच राहायची, वास मारायची, आणि ही बाई शेगडीपाशी ऊब खात बसलेली. एकदा मी गुपचूप मुलांची दुपटी त्या शेगडीवर धरली, तर यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यात चपला ठेवल्या.

पहिलं वर्षभर हौस म्हणून मी हसत होते. पुढे पुढे मात्र यांनी सगळंच जाडं छापायला घेतलं. सुट्टीत येणाऱ्या शेटजींच्या बंगल्यांवर लावायच्या 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्यांना ते शोभत होतं. मोटार सर्व्हिसच्या जाहिरातीलाही शोभलं. पण एका दंतमंजनवाल्याच्या डबीला लावायची चिठ्ठी यांनी अशी छापली की डबीभोवती दोन वेढे द्यावे लागले आणि तरी 'दंत'च दिसत होतं, मंजन मागे गेलं होतं. एका लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं एवढी जाडी आली की पत्रिका पाकिटात मावेना. वधूपित्याने ती घडी घालून वाटली आणि एक मारुतीच्या देवळाच्या भिंतीला डकवली. तेराव्याचं एक पत्र तर असं दणदणीत निघालं की वाचणाऱ्याला आनंदाची बातमी वाटावी. कोणी बारीक अक्षर मागितलं की हे म्हणायचे, "बारीक वाचतंय कोण? अक्षर कसं, रस्त्यापलीकडून हाक मारणारं पाहिजे." गिऱ्हाईक गप्प बसायचं, कारण हे बोलायचे फार ठासून.

नाचता येईना अंगण वाकडं, यातलं ते आहे हे मला कळायला वर्ष गेलं. आणि कळलं ते तांदळामुळे. एका दुपारी मी निवडलेल्या तांदळाचं सूप यांच्यासमोर ठेवून म्हटलं, "जरा बघा, खडे राहिलेत का." यांनी सुपात हात फिरवला, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "नाहीत." वरच एक काळा खडा होता, हरभऱ्याएवढा. आधी मला वाटलं, थट्टा करतात. मग एक एक आठवत गेलं. पावसाळ्याआधी हे कागद आणायला म्हणून पुण्याला गेले आणि कागद न आणता परत आले होते. थोरल्या दिरांचं पोस्टकार्ड आलं की हल्ली मला वाचायला लावायचे, हात शाईचे आहेत म्हणून. मी यांचा कोट झटकला. आतल्या खिशात चष्मा होता, जाड भिंगांचा, एकदाही न वापरलेला. लावून त्यांना काही दिसलं नसणार, नाहीतर त्यांनी तो लावला असता. त्यांना रस्ता दिसायचा, माणसं दिसायची, पोरं दिसायची. बारीक अक्षर तेवढं गेलं होतं, आणि तळहाताएवढं राहिलं होतं. ती अक्षरं का आणली आणि बाकी सगळं का टाकलं, ते मला त्या सुपाशी बसून समजलं. मी ज्या बाईला सवत म्हणत होते ती यांची काठी होती.

मी काही बोलले नाही. यांचा स्वभाव मला ठाऊक होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनी जन्मभर पाळलं. पण जाहिराती वर्षातून किती निघणार? छापखाना चालायचा तो पावत्यांवर, पत्रिकांवर, शाळेच्या कागदांवर, आणि ते सगळं बारीक खिळ्यांचं काम. ते एक एक करत पुण्याला जायला लागलं होतं. थोरल्या दिरांच्या प्रत्येक कार्डात शेवटी एकच वाक्य असायचं, की यंत्र विकून टाक आणि इकडे माझ्या कापडाच्या दुकानात येऊन बस. मी ते वाक्य वाचून दाखवलं की हे उठून यंत्राला तेल घालायला जायचे. दुकानात बसायचं म्हणजे गादीवर बसून दुसऱ्याचं कापड मोजणाऱ्यांकडे बघायचं. छापखाना गेला तर हे जगले असते, पण कसे जगले असते, ते मला आवडलं नसतं.

मी सोमाटण्याच्या शाळेत चौथी झाले होते आणि माझं अक्षर बरं होतं. अक्षरं पुसण्याचं निमित्त काढून मी केसपाशी उभी राहू लागले. घासलेटात बुडवलेल्या फडक्याने एक एक खिळा पुसायचा आणि आपल्या खणात टाकायचा. चार महिन्यांत कोणतं अक्षर कुठे राहतं ते मला आळीतल्या घरांसारखं पाठ झालं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. सुरुवातीला डोकं गरगरायचं, मग सवय झाली, पुढे पुढे तर दळणाच्या डब्यावर लिहिलेलं सरळ अक्षरच मला चुकीचं वाटायला लागलं. दुपारी बाजार पेंगत असायचा तेव्हा हे पुढचं दार लोटून आत आडवे व्हायचे. त्या दोन तासांत, दार बंद, फटीतून येईल तेवढ्या उजेडात, मी पहिली पावती जुळवली. लुगडं पोटरीपर्यंत खोचून, उभ्याने. गॅलीत, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायच्या तबकात, ठेवली आणि आत येऊन भाकरीचं पीठ मळायला बसले.

सकाळी यांनी ती गॅली पाहिली, म्हणजे अंगठ्याने पाहिली. बराच वेळ अंगठा ओळींवरून फिरत होता. मी दाराआड उभी. हे यंत्रापाशी गेले आणि यंत्र चालवणाऱ्या चाचांना म्हणाले, "काल जरा घाईत जुळवलं मी. शब्दांमधे जागा कमी पडलीय." चाचा आमच्या छापखान्यात यांच्या वडिलांपासून होते, मुसलमान गृहस्थ, मावळातलेच, बोलणं माझ्या माहेरच्यापेक्षा अस्सल. त्यांनी एकदा गॅलीकडे पाहिलं, एकदा माझ्या पिठाच्या हाताकडे. मग म्हणाले, "व्हय मालक. घाईत व्हतंच आसं." आणि यंत्र सुरू केलं.

तेव्हापासून दीड वर्ष आमच्या घरी हे नाटक चाललं. मी दुपारी जुळवायची, हे सकाळी 'आपल्या' कामाला नावं ठेवायचे. "काल माझं लक्ष नव्हतं वाटतं, ही ओळ वाकडी गेली." "वेलांट्या पुढे मी नीट तपासून घ्यायला पाहिजेत." मी आतून सगळं ऐकायची आणि दुपारी सुधारायची. शिकवण्याची अशी पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही, पण मी शिकले खरी. बारीक कामं पुण्याहून परत यायला लागली.

एक अडचण होती. कायद्याप्रमाणे प्रत्येक कागदाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव घालावं लागे. छापणारे हे. आता नवऱ्याचं नाव मी उभ्या आयुष्यात घेतलेलं नाही, मंगळागौरीत उखाण्यातून घेतलं तेवढंच, आणि इथे ते रोज एक एक खिळा उचलून जुळवायचं. पहिल्या दिवशी मी हात धुऊन आले. मग मनाची समजूत घातली की आपण ते तोंडाने घेत नाही, शिवाय उलटं जुळवतो, तेव्हा दोष लागत नसावा. ते नाव इतक्या वेळा जुळवलं की पुढे ते माझ्या बोटांना न बघता यायचं.

एकदा मला दुष्टपणा सुचला. एका हँडबिलात मी मुद्दाम एक 'ग' खाली डोकं वर पाय केला आणि प्रूफ काढून यांच्या हातात दिलं. विचार असा की हे ओरडतील, आणि ओरडताना तरी कबूल करतील की जुळवणारी मी आहे. यांनी कागद खिडकीशी नेला, उजेडाला धरला, डोळे बारीक केले, मोठे केले आणि म्हणाले, "छान उतरलंय." मी हसायच्या तयारीने उभी होते. हसू आलंच नाही. मी आत जाऊन चुलीत फुंकर घालत बसले, धुराचं निमित्त हाताशी होतं. तो 'ग' चाचांनी सरळ केला. मला एवढंच म्हणाले, "वैनी, परत नका करू आसं."

आमच्या छापखान्याची एक रीत होती. छापायला घेण्याआधी प्रूफ गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचं. खेड्यांतून येणाऱ्यांत पुष्कळांना वाचता येत नसे, त्यामुळे सासऱ्यांनी ती पाडली होती. हे वाचणार, गिऱ्हाईक मान डोलावणार, शेवटी 'व्हय' म्हणणार, मग चाचा यंत्राला पाय लावणार. आता जाड्या ओळी हे खरंच वाचायचे. खालचं बारीक मी त्यांना जेवताना ऐकवलेलं असायचं. ऐकवायचं म्हणजे, आमटी वाढता वाढता आपण होऊन विषय काढायचा, "त्या भजनाच्या कागदात म्हणे असं असं छापायचंय." हे 'हं' म्हणायचे आणि दुसरा घास घ्यायचे. एकदा ऐकलं की पाठ. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर कागद धरून ते पाठ म्हणायचे, मधे अडखळल्याचं सोंगही बेताने करायचे. मला त्या सोंगाचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा.

त्या चैत्रात कार्ल्याच्या जत्रेतल्या कुस्त्यांची जाहिरात आमच्याकडे आली. कुस्त्या भरवणारे पंच म्हणजे आबा, कार्ल्याचे मोठे शेतकरी, सहीच्या जागी अंगठा उठवणारे, पण त्यांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. आदल्या वर्षीचा कागद पुण्याहून आला होता आणि त्यात गावाचं नाव एवढं बारीक होतं की ते आबांच्या मनाला लागलं होतं. त्यांनी यांची जाडी अक्षरं पाहिली, हात लावून पाहिली आणि म्हणाले, "ही खरी. ही आखाड्यात हुबी ऱ्हातील." यांची छाती इंचभर वर आली. 'जंगी कुस्त्यांचे मैदान' आणि खाली 'कार्ले' एवढ्यात जाडी अक्षरं संपली. दिवस, वेळ, इनामाचं कडं, पैलवानांसाठी अटी, हे सगळं खाली बारीक. ते मी जुळवलं आणि जेवताना यांना ऐकवलं. कुस्त्या रविवारी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ल्याच्या शाळेतले गुरुजी आले. शाळेच्या समारंभाचे कागद आम्ही छापून दिले होते. माणूस भारी काटेकोर, व्याकरणातलाच जणू जन्मलेला. ते म्हणाले, "एवढं स्वच्छ बारीक काम पुण्यातही होत नाही. एक चूक सापडली नाही मला, आणि मी शोधली होती." मी आत लसूण सोलत होते. माझे हात थांबले. हे म्हणाले, "वीस वर्षांचा हात आहे, गुरुजी. सरावाने येतं."

आयत्या बिळावर नागोबा, अशी म्हण मी ऐकली होती, त्या दिवशी तो नागोबा पाहिला. चुका झाल्या तेव्हा 'मी घाईत होतो' म्हणत होते ते मी सोसलं, कारण त्यात शिकवणं होतं. पण हे कौतुक माझं होतं. पाय सुजेपर्यंत उभी राहून मी ते कमावलं होतं. गुरुजींना खरं सांगा असंही माझं म्हणणं नव्हतं. नुसतं 'हो' म्हणून गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी लसूण असा ठेचला की पाटा हलला.

दुपारी हे पार्सल टाकायला स्टेशनावर गेले होते. चाचा आत डोकावले. "वैनी, कार्ल्याचा टांगेवाला निरोप देऊन गेलाय. आयतवारी लग्नाची दांडगी तीथ निगाली, गावात मानूस ऱ्हात न्हाई. कुस्त्या मंगळवारी. आबा उंद्या येतील कागद बगाया." मी लगेच केसपाशी जाऊन रविवार काढला, मंगळवार घातला. आणि यांना सांगितलं नाही. विसरले नाही. हे परत आले, जेवायला बसले, मी वाढलं, भाकरी दिली, वर ताक दिलं. तीनदा शब्द तोंडाशी आला आणि तीनदा गिळला. वीस वर्षांचा हात आहे ना, म्हटलं, मग बघू दे.

सकाळी आबा आले, पण एकटे नव्हते. सोबत गुरुजींना आणलं होतं. कागदावर दिवस बदलला होता आणि तो बदलला आहे हे कोणीतरी डोळ्यांनी बघावं, एवढाच त्यांचा हेतू. गुरुजींना बघितलं तेव्हा तरी यांना सांगायला पाहिजे होतं, आत बोलावून, पाणी देताना. पण हे पुढच्या खोलीत निघूनही गेले होते.

हे रीतीप्रमाणे प्रूफ हातात धरून उभे राहिले. वरच्या दोन ओळी अशा वाचल्या की रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. मग घसा साफ केला आणि खालचं म्हणायला लागले, "देवीच्या जत्रेनिमित्त रविवारी दुपारी तीन वाजता..."

"थांबा," गुरुजी म्हणाले. ते वाकून कागदात बघत होते. "इथे मंगळवार आहे."

"मंगळवारच पायजे," आबा म्हणाले. "मी सांगावा धाडलाय."

"छापलंय बरोबर," गुरुजी म्हणाले, "पण वाचताय चूक." आणि त्यांनी खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं, वर्गातल्या मुलासमोर ठेवतात तसं. "ही अट वाचा बरं."

चाचांनी यंत्राच्या चाकावरचा हात काढून घेतला. दाराच्या फटीतून मला यांचा चेहरा दिसत होता, आणि तसा चेहरा मी सासरे वारले तेव्हाही यांचा पाहिला नव्हता. ते हळू म्हणाले, "गुरुजी, मला ते दिसत नाही. बारीक काहीच दिसत नाही. बरेच दिवस झाले."

"मग हे काम करतं कोण?"

"घरातून होतं."

गुरुजी वाईट नव्हते, पण घाबरले. ते आबांकडे वळून म्हणाले, "मला वाटतं, हे आपण पुण्यालाच देऊ. जबाबदारीचा कागद आहे. छापणाऱ्याला वाचता येत नाही म्हटल्यावर..."

पदर डोक्यावर घेऊन मी कधी बाहेर आले ते मला आठवत नाही. मी म्हटलं, "मंगळवार मी जुळवलाय. यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. यांची चूक नाही." पुढच्या खोलीत परपुरुषांसमोर मी एवढं पहिल्यांदाच बोलले. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आबा बाकावर बसले होते. त्यांनी मुंडासं सारखं केलं. "गुरुजी," ते म्हणाले, "मला तर जल्मापासनं अक्षर दिसत न्हाई. म्हून माजी पंचाची जागा कुनी काडून घ्येतली का? का तुमीच घ्येता?"

"तसं नव्हे, आबा."

"मंग कसं? कागुद बरूबर हाय न्हवं? ज्येनं जुळवला त्येनं वाचावा, आन् म्या ऐकावा. वाच, माजे बाई. वरपासनं वाच, काय बी सोडू नगंस."

मी कागद घेतला. जाड्या ओळी वाचल्या, दिवस वाचला, कडं वाचलं, अटी वाचल्या, पंचांचा निर्णय अखेरचा हेही वाचलं. आबा प्रत्येक ओळीला मान डोलावत होते. आणि मी तळाशी येऊन थांबले.

"वाचा ना," गुरुजी म्हणाले. "एकच ओळ राहिली."

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. गुरुजींनी पुन्हा कागदात डोकावलं. त्यांना वाटलं असावं की इथेही काही गडबड आहे. आबांच्या मिशा हलल्या. "गुरुजी, ती वळ तिला न्हाई वाचता यायची. आमची मंडळी पोथी वाचती धडाधडा, पर त्येवढं एक तिला बी वाचता येत न्हाई."

चाचा हसले. मग गुरुजींनाही कळलं आणि ते लाल झाले. एवढ्यात हे पुढे आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "ती मला पाठ आहे." आणि त्यांनी शेवटची ओळ म्हटली. हा कागद लोणावळे येथील बाजारपेठेत छापला, आणि छापणारा अमुक, असं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पुरं. दोघांनी मिळून कागद वाचून संपवला. आबा म्हणाले, "व्हय," आणि चाचांनी यंत्राला पाय लावला.

मला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळी हे चुलीसमोर पाटावर येऊन बसले. त्यांची जेवायची वेळ झाली नव्हती.

"सांगायचं राहिलं म्हणालीस," हे म्हणाले. "राहिलं होतं?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. खोटं बोलायला दुसऱ्यांदा जीभ वळेना. "नाही. दुपारी कळलं होतं. तुम्ही जेवायला बसायच्या आधी."

"गुरुजींचं बोलणं ऐकलंस वाटतं."

"ऐकलं. तुमचंही ऐकलं."

यांनी चुलीतलं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "ते कौतुक घेताना मला काही बरं वाटलं नव्हतं. पण तुझं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तुम्ही काय करता? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि या वेळी मी चुलीला फुंकर घातली नाही. "माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं," हे म्हणाले. "मला तिथे तसं उभं करायला नको होतंस." त्यांनी ते मऊ करून सांगितलं नाही, आणि सांगू नये हेच बरोबर होतं. त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी आवरून पुढे आले तर केस आपल्या जागेवर नव्हती. यांनी आणि चाचांनी मिळून ती दाराशी ओढून आणली होती, आणि दार दोन्ही फळ्या उघडून सताड केलं होतं. बाजारातून येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही दिसेल अशी ती उभी होती. मी उंबऱ्याशी घुटमळले. लोक बघतील, मी म्हटलं.

"बघू देत," हे म्हणाले. "उजेडात जुळवत जा. आपल्या दोघांत मिळून आता डोळ्यांची एकच जोडी आहे, ती अंधारात खर्च करू नकोस." आणि खिळे जुळवायची स्टिक माझ्या हातात देऊन ते बाकावर बसले आणि आज काय छापायचं आहे ते वाचून दाखव म्हणाले.